इस्त्री केलेला समुद्र

नौदलाच्या अंदाजकक्षात आमच्या प्रमुखांना सगळे मागून ‘इस्त्रीसाहेब’ म्हणायचे. संगणकातल्या मॉडेलने काढलेल्या नकाशावर लाटांचे उंचवटे दिसले की ते सपाट केल्याशिवाय नकाशा वर जायचा नाही. वरच्यांना निळा, गुळगुळीत समुद्र आवडतो म्हणे. मला त्या निळ्या रंगाची शिसारी आली होती.

त्या सकाळी सराव बघायला पाहुणे यायचे होते. बुडी मारणाऱ्या जवानांची रबरी बोट निघणार होती आणि तिच्यात माझा धाकटा दीर होता. मॉडेल म्हणत होतं, लाटा गुडघाभर. बंदराच्या तोंडाशी नांगरलेला, लाटा मोजणारा तरंगता बोया म्हणत होता, दोन पुरुष उंच.

आमच्या मॉडेलला एक खोड लावून ठेवली आहे. स्वतःच्या अंदाजाशी फारच फटकून असलेली मोजणी ते बिघडलेली समजून टाकून देतं. तशी बोयाची मोजणीही टाकली. मी ती हाताने परत आत घेतली, तर नकाशा लालभडक झाला.

“बोया बिघडलाय,” साहेब म्हणाले. “काढ तो.”

“कालपर्यंत बरोबर होता, साहेब. सराव थांबवायला सांगा ना. माझा दीर आहे त्या बोटीवर.”

“मग तर तुझं डोकं ठिकाणावर नसणारच.”

मी हलले नाही. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी स्वतःच बटण दाबलं. अंगावर पाल पडावी तसं झालं मला. नकाशा पुन्हा निळा झाला.

मी दिराला फोन लावला.

“वहिनी, आदेश निघालाय,” तो म्हणाला. “तुमच्याच ऑफिसने समुद्र शांत म्हटलंय. मी कोण नाही म्हणणारा?”

बोट बंदराच्या तोंडाशीच उलटली. दीर कसाबसा पोहत किनाऱ्याला लागला. त्याचा जोडीदार लागला नाही.

चौकशी बसली. आमच्या कक्षाचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशीचा अंदाज मोजणीशी तंतोतंत जुळला, असं साहेबांनी पडद्यावर दाखवलं. जुळणारच की! न जुळणारी मोजणी यांनीच फेकलेली. समोरची मंडळी माना डोलवत होती. मग दिराला आत बोलावलं. लाट केवढी होती ते दाखवायला त्याने हात डोक्यावर नेला, तरी हात पुरेना.

तो बाहेर गेल्यावर साहेब माझ्या कानाशी आले. “घाबरलेल्या माणसाचं माप धरायचं नसतं. अहवालातून काढ ते.”

मी उठून उभी राहिले.

“त्याच्या जोडीदारालाही विचारलं असतं,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पण त्याला यांनी आधीच काढून टाकलंय.”