पोपटरावांचा आवाज

बॅग दारातच टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"पोपटराव, ओळखलंत का?"

त्याचा धाकटा फ्रिजसमोर उभा होता. दार उघडायचं, आतला दिवा लागला की लावून टाकायचं, पुन्हा उघडायचं. बापाच्या हाकेनं त्याची मानसुद्धा वळली नाही.

"लाजतोय लेकाचा," तो हसला. जहाजाच्या इंजिनरूममध्ये वर्षभर काढून आलेल्या बापाला पोरानं एवढं तरी झुलवायला हवंच. निघाला तेव्हा हे पावणेदोन वर्षांचं पोर घरभर बडबडत असायचं, म्हणून तर हे नाव पडलेलं.

त्यानं पुढे होऊन पोराला उचललं. पोरानं अंग ताठ केलं, कानांवर हात दाबले आणि ते असं किंचाळलं, की त्यानं घाईघाईनं त्याला खाली ठेवलं. पोर पुन्हा फ्रिजकडे वळलं.

"तो बोलत नाही आता," ओट्याला टेकून बायको म्हणाली. "आधी 'ताई' गेलं, मग 'पाणी'. चमचा धरायचा, तेही गेलं. डॉक्टर म्हणाल्या, स्वमग्नता आहे. काही मुलांचं आलेलं असं परत जातं."

"काहीतरीच काय! परवा फोनवर बोलला की माझ्याशी. 'बाबा, लवकल या' म्हणाला."

बायकोनं थोरल्या मुलीकडे पाहिलं. नऊ वर्षांची पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती.

"ती मी होते, बाबा."

फ्रिजचं दार उघडलं, लागलं.

"पहिल्यांदा तिनं आपणहून केलं," बायको म्हणाली. "तुम्ही इतके हरखलात... मग माझी जीभच रेटेना."

त्याच्या तोंडाशी शिवी आली. ती द्यायची कुणाला, हे कळेना. खुर्चीत बसून तो बुटांच्या नाड्या सोडू लागला.

तेवढ्यात फोन वाजला. दूर भावाकडे राहणारी त्याची आई.

"पोचलास ना रे? माझ्या पोपटाला दे आधी. तुझं ऐकते मागनं."

"आई, ऐक..."

"अरे दे ना! सकाळपासून वाट बघतेय मी."

त्यानं फ्रिजसमोरच्या धाकट्याकडे पाहिलं. मग त्यानं फोन थोरलीपुढे धरला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. त्यानं मान हलवली.

"आजी," ती बोबड्या आवाजात म्हणाली, आणि तो पुन्हा नाड्यांवर वाकला.