बाधित क्षेत्र: गॅलरी

"शहर राजे घडवत नाहीत, नद्या घडवत नाहीत. शहर घडतं ते तीन नंबरच्या ब्रशानं!" विकास आराखड्याच्या सुनावणीच्या दालनाबाहेर उभं राहून भगवान शिरसाटांनी जाहीर केलं.

"काका, टोकन दाखवा," शिपाई नाथा म्हणाला.

टोकन एक्केचाळीस होतं. आत सत्ताविसावा चालू होता. शिरसाट पुन्हा बसले.

शिरसाट म्हणजे नगररचना कचेरीतले निवृत्त ट्रेसर. साहेब नकाशा ठरवत आणि शिरसाट तो रंगवत. घरांना पिवळा, बागांना हिरवा. अशा नोकरीत माणूस शहाणा होतो, असा समज आहे. शिरसाटांनी पालेगावात, स्वतःच हिरव्या रंगवलेल्या तुकड्यासमोर, फ्लॅट घेतला. बिल्डरच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. स्वतःच्या रंगावर होता.

समोर बाग होणार म्हणून अंजनाबाईंनी गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. बाग झाली नाही. गवत झालं, मग म्हशी आल्या. अंजनाबाई बावीस वर्षं त्यालाच बाग म्हणत राहिल्या आणि मागच्या वर्षी गेल्या; घरात शिरसाट एकटेच उरले. आता नव्या आराखड्यात तो तुकडा पिवळा झाला होता. म्हणजे बावीस मजले.

शेजारच्या खुर्चीवरचा राजेंद्र म्हात्रे मघापासून ऐकत होता. तुकडा त्याच्याच घरचा; हिरवा असेतो त्यावर काही बांधता येत नव्हतं. पिवळा रंग पक्का व्हावा, म्हणून तो आला होता.

"म्हंजे तो हिरवा कलर तुमी मारलेला? माझा बाप मरेपर्यंत शिव्या घालत होता तुमाला."

"नाव घेऊन?"

"नाव कुठं म्हाईत होतं!"

"मग पोचल्या नसतील," शिरसाट म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "म्हशी तुमच्याच का?"

"हा. का?"

"त्यातली एक शिंगमोडी आहे ना, ती चारला बरोबर आमच्याकडे तोंड करून बसते."

"कालच विकली ती," तो हळूच म्हणाला.

एक्केचाळीस नंबर आला. टेबलामागे राजसी मॅडम होत्या. वयानं शिरसाटांच्या नोकरीपेक्षा लहान.

"तुमची जमीन आहे त्यात?"

"नाही."

"मग तुम्ही बाधित कसे?"

"मी समोर बसतो."

मॅडमनी फॉर्म पाहिला. 'बाधित क्षेत्र' या रकान्यात सुरेख अक्षरात 'गॅलरी' लिहिलं होतं.

"काका, बागेचं आरक्षण रद्द नाही केलेलं. फक्त हलवलंय. नाल्यापलीकडे."

"तिकडे कोण राहतं?"

"अजून कुणी नाही."

"मग बरंय. गर्दी नसेल."

मॅडम हसल्या नाहीत. शिरसाटही नाही. "तो तुकडा मी हिरवा रंगवला तेव्हा हात हलला नव्हता, एवढं लिहून घ्या," ते म्हणाले. मॅडमनी खरंच काहीतरी लिहिलं.

"हरकत नोंदवली. निर्णयाचं पत्र घरी येईल."

शिरसाट दारापर्यंत गेले. नाथानं बेचाळीस पुकारला, तसे ते मागे वळले.

"मॅडम, एक विनंती होती."

मॅडमनी पुन्हा पेन उघडलं.

"ते पत्र खालच्या पेटीत नका टाकू म्हणावं. आणणाऱ्याला तिसऱ्या मजल्यावर यायला सांगा. बेल चालते."