हॅवची वाक्यं

आमच्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत सुपरवायझरची जागा निघाली. नव्या मॅनेजरबाईंना आपली भाषा येत नाही, म्हणून मुलाखत इंग्रजीत. अर्ज दोघींचेच, माझा आणि माझ्या धाकट्या जावेचा. मी तिथलं जुनं खोड. दिराची नोकरी सुटल्यावर जावेला तिथं मीच चिकटवलं होतं.

तिचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद. मी संध्याकाळच्या क्लासला जाऊन थोडं शिकलेली, त्यामुळे शिकवण्याची हौस माझीच. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. टोकं जुळवायला समोरासमोर आलो की मी एक वाक्य सांगायची आणि ती ते घोकत मागे जायची.

"नुसतं 'केलं' नको," मी म्हणायची. "ते केलं आणि संपलं. आय हॅव डन म्हण. म्हणजे मागे केलंय आणि आजही ते उपयोगाचं आहे. बाईंना तेच ऐकायचंय."

"आय हॅव आयर्न्ड यस्टरडे."

"काल आलं की हॅव गेलं. किती डोकं खाशील, बये?"

"पण ताई, मी सांगू काय? मी आजवर केलंय तरी काय?"

तेव्हा मीच शहाणी म्हणाले, "माझीच वाक्यं म्हण. जिभेला वळण तर लागेल." आणि माझी सगळी नोकरी तिला घडीघडीनं देऊन टाकली. आय हॅव ट्रेन्ड ऑल द न्यू गर्ल्स. आय हॅव सेव्ह्ड अ ब्राइड्स ड्रेस. एका नवरीच्या झग्यावर वाइन सांडली होती, तो डाग मी काढला होता. घरी भाजी निवडतानाही तिचं घोकणं चालायचं. हे, म्हणजे माझे यजमान, ऐकत बसायचे. मधूनच तिची चूकही काढायचे.

मुलाखतीच्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मी आधी जाते. मला धीर निघत नाही." मी जा म्हटलं.

मग मी आत गेले आणि नवरीच्या झग्याचं सांगू लागले. बाईंनी पेन खाली ठेवलं. हे आत्ताच ऐकलं, म्हणाल्या. पुढचं वाक्य म्हटलं, तर तेही ऐकलेलं. दुसऱ्याचं पाठ करून येण्यापेक्षा स्वतःचं काही सांगा, असं त्यांनी मला अगदी समजुतीनं सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि होतं नव्हतं ते इंग्रजी आटलं. जागा जावेला मिळाली.

घरी आल्या आल्या मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "माझं केलेलं स्वतःचं म्हणून सांगून आलीस. लाज नाही वाटली?"

ती म्हणाली, "माझ्या मनात नव्हतं, ताई. दादाच म्हणाले, आधी जा आणि ताईचीच वाक्यं म्हण."

दादा म्हणजे हे. दारातच उभे होते.

"भाऊ घरी बसलाय," ते म्हणाले. "त्यांच्याकडे पगार वाढायला हवा होता. तुझं काय, तू समजून घेशील."

जावेनं केसानं गळा कापला, ते मी एक वेळ गिळलं असतं. तिची गरज मला दिसत होती. ह्यांनी नुसतं म्हटलं असतं तर मी आपण होऊन अर्ज मागे घेतला असता. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी मला विचारलं नाही.