बाबांच्या नावातला काळा रंग

थडग्यांचे दगड कोरणं हा आमचा घरचा धंदा. बाबांनी मला शिकवला, आता मीच चालवते. आमच्या कामाचा एक नियम आहे. जोडप्याच्या दगडावर दोघांची नावं एकदमच कोरायची, पण काळा रंग भरायचा तो फक्त गेलेल्याच्या नावात. मागे राहिलेल्याची अक्षरं रंगाशिवाय तशीच ठेवायची.

आई गेली तेव्हा तिचा दगड बाबांनीच कोरला, शेजारी स्वतःचं नावही. त्या दिवसापासून त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि देवाशी बोलणंही टाकलं. सात वर्षं झाली. जेवतात, झोपतात, खिडकीशी बसतात. "प्रार्थनेला चला" म्हटलं की तोंड फिरवतात. मी आधी समजावलं, मग भांडले, मग नाद सोडला.

एकदा आमच्या चर्चचे पाळकसाहेब एका दगडाची चौकशी करायला आले, तेव्हा मी तावातावानं विचारलं, "तुम्ही ते आत्मिक मरण म्हणता, ते हेच का?"

ते धुळीनं भरलेल्या बाकावर खुशाल बसले. म्हणाले, "श्वास चालू असतो, पण माणूस देवापासून तुटलेला असतो. हेच ते. त्यातून कुणी आपला आपण उठत नाही गं, देवच उठवतो. आपण फक्त हाक मारायची थांबवायची नाही."

मला रागच आला. हाका मारून माझा घसा बसला होता.

गेल्या आठवड्यात आईच्या अक्षरांचा रंग उडाला म्हणून तो पुन्हा भरायला दफनभूमीत गेले. ऊन मी मी म्हणत होतं, डोक्यात पुढची कामं. आईचं नाव संपलं, ब्रश बुडवला आणि भरत राहिले. मान वर केली, तर बाबांचं अख्खं नाव काळं! वीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. हात चुकला म्हणावं, तर तेही खोटं. मी त्यांना कधीच गेल्यात जमा धरलं होतं.

घरी येऊन रडतरडत सगळं सांगितलं. बाबा उठले. चपला घातल्या, छिन्नी शोधली आणि तरातरा निघाले. मी रंग पुसायची टर्पेंटाइनची बाटली घेऊन मागे धावतेय!

दगडापुढे ते क्षणभर थांबले. मग वर बघून खच्चून ओरडले, "बघितलंस? बायको नेलीस, आता पोरीनंही मला पुरलं. अजून गप्पच बसणार आहेस?"

सात वर्षांनी देवाशी बोलले, आणि तेही भांडायला. मला इतकं बरं वाटलं की हसूच फुटलं.

"हसतेस काय गधडे!" म्हणत ते खाली बसले आणि रंग खरवडू लागले. दोन अक्षरं झाली आणि त्यांनी छिन्नी मांडीवर ठेवली.

"तोंड मीच फिरवलं रे," ते हळूच म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.

मग मागे वळून त्यांनी छिन्नी माझ्यापुढे धरली.

"ये, बस इथं. माझ्या एकट्यानं नाही निघत हे."