निवडून दिलेला चाकू

"हात ओला असणार, की कोरडा?"

दिगंबररावांनी विचारलं इंग्रजीतच, पण ते इंग्रजी भोसरीच्या कारखान्यात घडलेलं. काउंटरपलीकडचा टोपीवाला गोरा म्हातारा विचारात पडला. चाळीस वर्षं हरणांच्या मागे फिरलेला माणूस, पण चाकू विकताना त्याला असं कोणी विचारलं नव्हतं.

"ओलाच," तो म्हणाला. "रक्त असतं ना."

"मग ही शिंगाची मूठ ठेवा परत. दिसायला झकास, पण माखली की सटकते आणि आधी तुमचंच बोट कापते." त्यांनी दुसरा चाकू काढून काचेवर ठेवला. हातात दिला नाही. धारेची वस्तू हातोहात द्यायची नाही, भांडण होतं, असं आई सांगायची; ते अमेरिकेत येऊनही सुटलं नव्हतं. "हा बघा. रबरी मूठ. पातं चार इंचांच्या आत. हरणाला तलवार लागत नाही. आणि पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध आहे, मध्ये जोड नाही."

"पोलाद?"

आता हा प्रश्न म्हणजे दिगंबररावांच्या आवडीचा. फार कडक केलं तर धार टिकते, पण हाडावर बसलं की टवका उडतो. मऊ ठेवलं तर धार लवकर जाते, पण दगडावर चार हात मारले की परत येते. म्हणून मधलं घ्यायचं. भोसरीत एकतीस वर्षं पोलादाला पाणी द्यायच्या खात्यात काढलेल्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं. म्हातारा खूश होऊन गेला.

बायको गेल्यावर केदारने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, कागदपत्रं करून त्यांना इथे अल्फारेटाला आणलं होतं. बेसमेंटमध्ये स्वतंत्र खोली दिली, मोठा टीव्ही दिला. सहा महिन्यांत टीव्हीचा वीट आला, तेव्हा दिगंबरराव शिकारीच्या सामानाच्या या दुकानात नोकरीला लागले. केदारला ते आवडलं नव्हतं. "बाबा, मराठी मंडळात काय सांगू मी? माझे वडील सुऱ्या विकतात?" पण महिन्याभरापूर्वी त्याच्या बॉसने त्याला शिकारीला बोलावलं, आणि तोच केदार खाली येऊन म्हणाला, "बाबा, एक चांगला चाकू निवडून द्या ना मला." अहो, केवढा आनंद झाला होता त्या माणसाला! तीन दिवस घोळ घालून त्यांनी एक निवडला, स्वतः धार लावली, खंडेनवमीला हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवला. केदार एकदा जाऊन आला. हरिण काही मिळालं नाही, चाकू कोराच परत आला.

ते काच पुसत होते, तेवढ्यात रुचा दिसली. त्यांची सून. तंबू आणि कंदिलांच्या रांगेतून ती सरळ काउंटरकडे येत होती, आणि त्यांना पाहून जागच्या जागी थबकली.

"बाबा! तुमची आज सुट्टी ना?"

"हरणांचा सीझन सुरू आहे, माणसं कमी पडतायत. सकाळी तू अनयाला शाळेत सोडायला गेलीस तेव्हा ट्रेसीचा फोन आला, न्यायलाही तीच आली." अनया त्यांची नात, ट्रेसी मॅनेजर. "पण तू इथे कशी?"

रुचाने पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "अं... केदारच्या ऑफिसमधल्या एकाला गिफ्ट द्यायचंय. नाइफ. तो हंटिंग करतो, आणि रोज जवळ ठेवायलाही चालला पाहिजे, असं काहीतरी."

दिगंबररावांची कळी खुलली. घरचं माणूस पहिल्यांदाच त्यांच्या काउंटरवर आलं होतं.

"म्हणजे दोन्हीला चालणारा एकच. अवघड असतं ते. शिकारीला सरळ पात्याचा बरा, रोज जवळ ठेवायला घडीचा. एकच घ्यायचा तर घडीचाच घे, पण लॉक भक्कम हवं, नाहीतर जोर लावताना पातं बोटांवर मिटतं. कुठल्या हाताचा आहे तो?"

"हात म्हणजे?"

"उजवा की डावखुरा?"

ती क्षणभर थांबली. "डाव्या हाताने उघडता आला पाहिजे."

त्यांनी तीन चाकू काचेवर मांडले. रुचाने एक उचलला, डाव्या हाताने. अंगठा पात्यावरच्या खुंटीवर ठेवून तिने ढकललं. पातं अर्ध्यात अडकलं. तिने परत ढकललं. पातं खट्‌कन उघडलं आणि ती दचकली.

"आवाज होतोच का?"

"होणारच. लॉक बसल्याची खूण असते ती."

"बिनआवाजाचा नसतो का? आणि न बघता उघडता येईल असा? अंधारात?"

"हरिण काय अंधारात सोलणार आहे का तो?" दिगंबरराव हसले. "बरं, ठेवणार कुठे? खिशात?"

"ही जी क्लिप आहे ना, ती पातळ कपड्यावर बसेल का? म्हणजे समजा, पायजम्याच्या इलॅस्टिकवर?"

"पायजमा?" ते मोठ्याने हसले. "पायजमा घालून शिकारीला जातो की काय तुमचा हा..."

आणि त्यांचं हसू तोंडातच राहिलं.

कारण रुचा हसत नव्हती. ती पातं मिटायचा प्रयत्न करत होती, आणि तिचा उजवा हात मदतीला येत नव्हता. तो तसाच काचेवर पडून होता, स्वेटरच्या लांब बाहीत बोटांपर्यंत झाकलेला. आणि ही मुलगी काही डावखुरी नव्हती. दोन वर्षं तिच्या उजव्या हातच्या गरम पोळ्या खाल्ल्या होत्या त्यांनी. गेले आठ दिवस मात्र पोळ्या विकतच्या येत होत्या, हे त्यांना आत्ता आठवलं.

"रुचा," ते हळू आवाजात म्हणाले, "कोणासाठी हवाय चाकू?"

तिने चाकू काचेवर ठेवला. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"एक तुम्ही निवडून दिलात ना, बाबा. त्याच्यासमोर चालेल असा दुसरा द्या."

दुकानात कुठेतरी बदकांना बोलावायची शिट्टी कोणीतरी वाजवून बघत होतं. दिगंबररावांनी काउंटरची कड धरली.

"काय करतो तो?"

"काही नाही करत. फक्त ठेवतो. बोलायला बसला की ड्रॉवरमधून काढून किचनच्या मधल्या ओट्यावर ठेवतो, माझ्याकडे टोक करून. आणि शांतपणे बोलतो. एकदा मी लपवला होता." तिने बाही वर केली. मनगट अजून सुजलेलं होतं, आणि चार बोटांचे वळ हिरवट पडले होते. "त्याचं हे."

"मला... मला कसं..." ते चाचरले.

"बाबा, प्लीज. तुम्ही खालीच होतात."

तिचं म्हणणं खरंच होतं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग केदारचा आवाज, मग एकदम काहीच नाही. त्या 'काहीच नाही'चीच जास्त धास्ती वाटायची. दिगंबरराव तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवायचे. नवरा-बायकोत होतंच, असं स्वतःला सांगायचे. एकदा सकाळी कपाटाचं दार बिजागरीतून निखळलेलं दिसलं, तर यांनी कसलीही विचारपूस न करता ते बसवून दिलं. त्यावर केदार म्हणाला, "एकदम मस्त केलंत, बाबा," आणि यांना बरं वाटलं. ते आठवून त्यांना स्वतःची किळस आली.

"आज संध्याकाळी येतोय ना तो?" त्यांनी विचारलं. केदार तीन दिवस कामासाठी पार्सिपनीला गेला होता.

"सहाला लँड होतोय. मी लॉयरला ईमेल केली होती, ती त्याने वाचली. सकाळी फोन आला. 'आल्यावर बोलू,' म्हणाला. बस, एवढंच." तिने चाकू पुढे सरकवला. "हा द्या. बॉक्स नको."

"नाही विकणार मी हा तुला."

"मग दुसऱ्या दुकानात जाईन."

"रुचा, ऐक माझं. घाबरलेल्या माणसाच्या हातातला चाकू दोन मिनिटांत समोरच्याचा होतो. हा तुझ्याकडे राहणार नाही. मग त्याच्याकडे दोन होतील."

"मग मी काय करू? सांगा ना! मैत्रिणी म्हणतात, केदार? शक्यच नाही, किती शांत आहे तो. माझी आई म्हणते, थोडं सांभाळून घे. ऐकलंय कोणी? घरात एकच माणूस होतं ऐकणारं." ती आता रडत होती, पण आवाज मात्र कोरडा होता. "हिंमत मी विकत घ्यायला आलेय, बाबा. खरं तर ती तुम्हाला हवी होती."

थोबाडीत बसावी तसं झालं त्यांना.

केदार त्यांचा एकुलता एक. त्याच्या सहीने ग्रीन कार्ड आलेलं, डोक्यावरचं छप्पर त्याचं, उद्या आजारी पडलं तर हॉस्पिटलात नेणारा तोच. मुलगा वाईट आहे, हे वाक्य त्यांनी मनातसुद्धा कधी पूर्ण होऊ दिलं नव्हतं. आणि आता घड्याळात साडेअकरा वाजले होते.

त्यांनी तिन्ही चाकू मिटून आत ठेवले, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली ट्रेसीकडे नेऊन दिली.

"एव्हरीथिंग ओके, मिस्टर डी?"

दीड वर्षात या प्रश्नाला त्यांनी "यस, यस" सोडून दुसरं उत्तर दिलं नव्हतं. "नो," ते म्हणाले, आणि रुचाच्या मागे पार्किंगमध्ये गेले.

रुचा एका हाताने गाडी चालवत होती. ऊन लख्ख होतं, रस्त्याकडेची झाडं लाल झाली होती. पोलीस स्टेशनला जाऊ, असं त्यांनीच म्हटलं होतं. "मी ऐकलंय ते सांगतो. तारखा नाही आठवत सगळ्या, पण ऐकलंय. आणि चाकूचंही सांगतो." रुचाने त्यांच्याकडे न बघता गाडी वळवली. तिचा विश्वास बसला नसावा. बसावा तरी का?

दुसऱ्या सिग्नलला त्यांचा फोन वाजला. स्क्रीनवर केदारचा फोटो आला, अनयाला खांद्यावर घेतलेला.

रुचाने फोनकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दिगंबररावांनी फोन उचलला.

"बाबा, रुचा फोन घेत नाहीये. घरी आहे का ती?"

"मी कामावर आहे."

"आज? मंगळवारी?" केदार जरा थांबला. त्याचा आवाज नेहमीसारखाच, मऊ. "मीटिंग लवकर संपली. आधीची फ्लाइट मिळाली मला, दोनपर्यंत पोचतो. आणि हो, इथे ती भाजणीची चकली मिळाली, तुम्हाला आवडते ती. दोन पॅकेट घेतलीत."

हा खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच चकली घेतली असणार, रांगेत उभं राहून, बापाची आठवण ठेवून. तो पोरगाही हाच होता, आणि चाकूचं टोक बायकोकडे वळवून ठेवणाराही हाच.

"बाबा? आहात ना? रुचा भेटली तर सांगा, घरी थांब म्हणावं. बोलायचंय."

"हं," ते म्हणाले आणि फोन बंद केला.

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी रुचा हलेना.

"लवकर येतोय," ते म्हणाले. "तू चल. आधी हे करू, मग अनयाला शाळेतून लवकर काढू. घरी जायचंच नाही."

"बाबा, अजून वेळ गेलेली नाही. तुम्हाला नको असेल तर मी एकटी जाते."

"चल म्हणतो ना!" ते ओरडलेच. मग हळूच म्हणाले, "माझा धीर सुटायच्या आत चल, पोरी."

पोलीस स्टेशनमध्ये रुचाचं बोलणं तासभर चाललं. तिच्या मनगटाचे फोटो काढले. मग ऑफिसर बाईंनी दिगंबररावांना समोरच्या खुर्चीवर बसवलं. काचेचा ग्लास भरून पाणी दिलं. काय ऐकलं, किती वेळा ऐकलं, ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची, कपाटाचं दार, टीव्हीचा आवाज. टीव्हीचं सांगताना त्यांची मान खाली गेली, तरी सांगितलं. चाकू कुठे आहे विचारलं, तर डाव्या हाताचा दुसरा ड्रॉवर, पातं पावणेचार इंच, असंही सांगितलं. रुचा भिंतीकडच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होती. कितीतरी महिन्यांत तिने असं त्यांच्याकडे टक लावून बघितलं नव्हतं.

बाईंनी नवा फॉर्म पुढे ओढला. आधी ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचं नाव.

"फर्स्ट नेम?"

"केदार."

"मिडल नेम?"

दिगंबरराव थांबले. रुचा बाकावरून अर्धवट उठली. त्यांनी तिला हातानेच बस म्हटलं.

"दिगंबर," ते म्हणाले, आणि स्पेलिंग सांगितलं. मग आडनाव, शेलार.

बाईंनी लिहून घेतलं, आणि बोट खालच्या ओळीवर नेलं. "अँड युवर नेम, सर? द विटनेस?"

"दिगंबर शेलार."

पेन थांबलं. बाईंनी वरची ओळ पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होत्या, पण विचारलं नाही. नुसतं एवढंच म्हणाल्या, "स्पेल इट फॉर मी, प्लीज?"

अक्षरं तीच होती. त्यांनी ती पुन्हा, एकेक करून, सांगितली.