साठपैकी साठ

शिक्षिकेच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत नूतनबाई नेहेते यांना ‘हे चुकले’ असे तोंडावर म्हणण्याची कोणाची छाती झाली नव्हती. ती जळगावच्या संशोधन केंद्रात त्यांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक डॉ. हितेंद्र यांची झाली. आणि ते त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते.

“मॅडम, मूल सलग महिनाभर गैरहजर होते का, या प्रश्नाला साठपैकी साठ पालक ‘नाही’ म्हणतात?” त्यांनी प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुढे सरकवला.

“माझे पालक खोटे बोलत नाहीत.”

“मग हा खोटा आहे का?” हितेंद्रांनी शाळेचा हजेरीपट उघडला. अक्षर बाईंचेच होते. दिवाळीनंतर पाड्यावरची कुटुंबे ऊसतोडीला गेली, की बावीस नावांपुढे महिनाभर गैरहजेरीच्या खुणा. “ही माहिती चालणार नाही. दोनदा मुदतवाढ घेतलीत. महिनाअखेरीपर्यंत नव्याने माहिती आणली नाहीत, तर नोंदणी रद्द होईल.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काल पीएच.डी. झालेला पोरगा आपल्याला शिकवणार! संख्याशास्त्राचे पुस्तक उघडले की आकडे अंगावर धावून येतात, हे त्यांनी कधीच नाकारले नव्हते. परंतु माणसे? सातपुड्याच्या त्या पाड्यावर त्यांनी बापालाही पाढे शिकवले होते आणि लेकालाही. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे त्यांना न विचारता कळत असे.

दुसऱ्या दिवशी यावलहून मिळेल त्या गाडीने त्या थेट पाड्यावर, आपला विद्यार्थी बादल याची आई गुंताबाई हिच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. गुंताबाईने लगबगीने खाट टाकली. तिचा नवरा वेस्ता कुडाला टेकून उभा राहिला.

“पुन्हा विचारते,” बाई उभ्यानेच कडाडल्या. “गेल्या साली बादलने महिनाभर शाळा बुडवली नव्हती ना?”

“नाही, बाई,” गुंताबाई म्हणाली.

“ऊसतोडीला कोणाला नेले होते मग?”

गुंताबाईने पदर तोंडाला लावला. वेस्ता मात्र मोकळेपणी हसला.

“बाई, तुला ‘बुडवली’ कोण सांगेल? मागे एकदा मी सांगितलं, तर तू मला शाळेच्या ओट्यावर दोन तास बसवलं. पोरांसमोर! माझा बाप मला असं बोलला नाही.”

“ते तुझ्या भल्यासाठी होते!”

“हो ना. म्हणून तर सगळा पाडा तुला नाहीच म्हणतो.”

बाईंचा संताप ओसरला नव्हता. फक्त आता तो हितेंद्रांवर धरून ठेवता येईना. ‘होते का’ असे छापलेले असताना आपण साठही घरी ‘नव्हते ना’ असेच विचारले, तेही काठी आपटल्यासारख्या आवाजात. हजेरीपट स्वतः भरलेला असताना आपण ती उत्तरे मुकाट्याने लिहून घेतली. ज्या दराऱ्यावर शाळा उभी केली, त्यानेच प्रबंधाची माती केली होती.

“सुनिताला बोलवा,” त्या अखेर म्हणाल्या. वेस्ताची ही थोरली मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकून बारावी झालेली. ती येऊन उभी राहिली. “प्रश्न ही विचारील. छापला आहे तसाच विचारायचा, एक अक्षर इकडेतिकडे नको. समजले?”

सुनिताने कागद घेतले, वाचले आणि मान खाली घालून, पण ठामपणे म्हणाली, “मग बाई, तुम्ही इथं थांबू नका.”

“काय?”

“तुम्ही दिसलात तर लोक पुन्हा तेच सांगतील. नाल्याच्या पलीकडं बसा. मी बोलवेन.”

वेस्ताने घाईघाईने दुसरीकडे पाहिले. आपण घडवलेली मुलगी आपल्यालाच वर्गाबाहेर काढते! बाई पाय आपटत नाला ओलांडून गेल्या आणि एका तापलेल्या दगडावर बसल्या.

अंगणांमधून सुनिताचा आवाज फिरत राहिला. मग एका म्हातारीचे खणखणीत उत्तर नाल्यापलीकडे पोहोचले :

“बुडवली! दोन महिने बुडवली. लिही!”

तिला दरडावण्यासाठी बाई ताडकन उठल्या. दोन पावले गेल्या आणि थांबल्या. मग दात-ओठ खात पुन्हा त्याच दगडावर येऊन बसल्या.