बिजागरीची बोलणी

आमच्या घरात मला दोनदाच बोलावतात: कुणी आजारी पडलं की, नाहीतर सगळं बिघडून झालं की. मी वकील आहे, परदेशी कंपन्यांचे करार हेच माझं रोजचं काम. पण दादाच्या लेखी मी धाकटी ती धाकटीच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

दादाचा चाकांच्या खुर्च्यांचा कारखाना आहे. आईसाठी बाबांनी एक बिजागरी बनवली होती, एका हाताने खुर्ची मिटवता येईल अशी. कारखाना चालतो तो तिच्यावर. एका चिनी कंपनीला ती बनवायची होती.

"पहिल्याच भेटीत वकील बसवला तर त्यांना वाटेल, भांडायलाच आलोत," दादा म्हणाला होता. "आधी ओळख होऊ दे, विश्वास बसू दे." आणि तो विश्वास दाखवायला दुसऱ्याच भेटीत त्याने बिजागरीची सगळी ड्रॉइंग्ज त्यांच्या हातात ठेवली. हे मला कळलं सह्यांच्या दिवशी, गाडीत. बैल गेला आणि झोपा केला. 

"तू फक्त बस," तो म्हणाला. "बहीण म्हणून आलीयस."

खोलीत टेबलापलीकडे त्यांचे साहेब होते, आणि शेजारी दुभाषी बाई. मी मसुदा वाचायला घेतला. पाचव्या पानावर लिहिलं होतं की बिजागरी यापुढे कोण बनवणार हे ती चिनी कंपनी ठरवणार. म्हणजे बाबांची वस्तू दादाने त्यांना विचारून बनवायची.

"हे कधी ठरलं?" मी विचारलं.

दुभाषी बाईंनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "दुसऱ्या भेटीत. मी मसुदा पाठवला, तुमच्याकडून हरकत आली नाही."

"मसुदा तुम्ही केलात?"

"मी कंपनीची वकील आहे. पहिल्याच भेटीत कार्ड दिलं होतं."

दादाने कपाळावरून हात फिरवला. दुभाष्याचं कार्ड कोण वाचतं?

"सही नाही केली तर?" त्याने हळूच मला विचारलं.

"ड्रॉइंग्ज त्यांच्याकडेच राहतील. पण आपला कारखाना तरी आपल्या हातात राहील. पुन्हा बोलता येईल, अवघड आहे."

त्याने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

"थोडा वेळ द्या," तो त्या बाईंना म्हणाला. "आमचा वकील आला की बोलू."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आल्यात की."

"ही?" दादा म्हणाला. "ही बहीण आहे. वकील बघतो ना आम्ही कुणीतरी."